घासलेली बंदूक

१७७८ च्या नोव्हेंबरअखेर मुंबईकर इंग्रजांची फौज होड्यांतून पनवेलला उतरली. रघुनाथरावांना पुण्याच्या कारभारावर बसवायचे म्हणून निघालेली ही फौज कर्नल एगर्टनच्या हाताखाली होती. घाट चढून मावळात शिरेपर्यंत तिचे कित्येक आठवडे गेले. ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट तोफेच्या गोळ्याने पडला. मराठी मुलखाने त्याला ‘इष्टुर फाकडा’ म्हणून अजून लक्षात ठेवले आहे. पुढे ११ जानेवारीच्या रात्री फौजेने माघार घेतली, तेव्हा जड तोफा तळेगावच्या तळ्यात ढकलल्या, सामान जाळले, आणि वडगावला तहाची वेळ आली.

ह्या लढाईचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. मला त्यातल्या वस्तूंची ओढ आहे. त्या फौजेच्या खांद्यावर चकमकीच्या बंदुका होत्या. समोर मराठ्यांकडे चकमकीच्या होत्या तशा जामगीच्या, म्हणजे तोड्याच्याही होत्या. लढाईत पडलेली, माघारीत टाकलेली, तहानंतर हात बदललेली हत्यारे कुठे गेली? काही पुण्याच्या कोठ्यांत जमा झाली असतील, काही गावोगावच्या लोहारांच्या भट्टीत गेली असतील, काही वाड्यांच्या माळ्यावर राहिली असतील. पनवेल हे बंदर आणि घाट यांच्या मधले गाव. मुंबईहून देशावर जाणारा माल, माणूस आणि शस्त्र शतकभर ह्याच वाटेने गेले.

पुढे बरोबर शंभर वर्षांनी ह्याच मुलखात पुन्हा बंदुका वाजल्या. शिरढोण हे पनवेल तालुक्यातले, कर्नाळ्याच्या जवळचे गाव. तिथे ४ नोव्हेंबर १८४५ रोजी वासुदेव बळवंत फडके जन्मले. १८७९ मध्ये त्यांनी रामोशी आणि कोळी साथीदारांसह बंड उभारले. त्यांचे साथीदार दौलतराव नाईक ह्यांनी त्या वर्षीच्या मे महिन्यात पळस्पे आणि चिखली येथे छापे घातले आणि परतताना मेजर डॅनियलच्या तुकडीशी झालेल्या चकमकीत ते मारले गेले. आज मुंबई-गोवा महामार्गावर जो पळस्पे फाटा म्हणून ओळखला जातो, तेच हे पळस्पे. बंडाच्या आदल्याच वर्षी, १८७८ मध्ये, लॉर्ड लिटनच्या सरकारने हत्यारांचा कायदा आणला होता. सामान्य माणसाच्या घरातली बंदूक त्या दिवसापासून सरकारच्या वहीत आली, किंवा मग अंधारात गेली.

ह्या अंधारातून आज जेव्हा एखादी नळी बाहेर येते, तेव्हा काय होते त्याबद्दल हा लेख आहे.

रायगड जिल्ह्यात जुनी घरे झपाट्याने पडत आहेत. पनवेल, उरण, कर्जत भागांत तर जमिनीचे भाव आणि विमानतळ ह्यांच्या रेट्याने वाडे महिन्याभरात भुईसपाट होतात. माळा रिकामा करताना पितळी समया, घंगाळी, दस्तऐवजांच्या पेट्या निघतात, तशी क्वचित ठासणीची बंदूकही निघते. दस्ता वाळवीने पोखरलेला, गज हरवलेला, नळीवर तपकिरी-काळे पापुद्रे. घरातल्या माणसांची पहिली इच्छा एकच असते: घासून घेऊ, जरा चांगली दिसेल. ही इच्छा प्रेमातूनच येते आणि तिला हसण्याचे कारण नाही. पण जुन्या हत्याराचे सर्वांत मोठे नुकसान शत्रूने किंवा काळाने केलेले नसते, ह्या प्रेमाने केलेले असते. सँडपेपर, ग्राइंडरचे ब्रश, वाळूचा मारा, चिंच आणि राख, आणि शेवटी वरून काळा ऑइलपेंट: दोनशे वर्षांत जेवढे गेले नाही, तेवढे एका दुपारी जाते.

काय जाते, ते नीट सांगितले पाहिजे.

जुन्या नळ्या एकाच तुकड्यातून ओतलेल्या नसत. लोखंडाच्या पट्ट्या पिळून, गुंडाळून, तापवून, ठोकून त्यांतल्या चांगल्या नळ्या घडवत. त्या पिळाची नागमोडी रेघ पृष्ठभागावर उमटते. पोलादाचे जौहर म्हणतात ते हेच. चांगल्या कारागिराची नळी ह्या रेघांवरून ओळखू येते. दरबारी बंदुकांवर लोखंडात बारीक खाचा पाडून त्यांत सोन्या-चांदीची तार ठोकलेली असते, ती कोफ्तगारी. तिची जाडी केसाइतकी. सँडपेपरचे दहा-वीस हात तिला पुरे होतात. नळीच्या मुळाशी कुठे कारखान्याची नोंद असते, कुठे मालकाचे नाव, कुठे शस्त्रागाराचा अनुक्रमांक. कंपनी सरकारच्या बंदुकांच्या कळीवर, म्हणजे बार पेटवणाऱ्या यंत्रणेवर, १८०८ च्या सुमारापासून मागच्या पायांवर उभा असलेला सिंह असे, आणि त्याआधी हृदयाच्या आकारातली कंपनीची खूण. ह्या खुणा उथळ असतात. एकदा घासल्यावर त्या पुन्हा कोरता येतात, आणि कोरल्याही जातात. पर्यटकांना विकायच्या नव्या बंदुकांवर हाच सिंह हल्ली सर्रास कोरलेला दिसतो. खरी खूण घासून टाकायची आणि खोटी खूण कोरायची, अशी दोन्ही कामे एकाच बाजारात चालतात.

पण बंदुकीवर खुणांहून जास्त काही असते, आणि इथे मूळ आणि डागडुजी ह्यांचा खरा वाद सुरू होतो.

तोड्याची बंदूक साधी. जळता तोडा खाली येतो, रंजकाला लागतो, नळीच्या बारीक छिद्रातून, म्हणजे कानातून, आग आत जाते, बार उडतो. युरोपात ती सतराव्या शतकाच्या अखेरीस मागे पडली. आपल्याकडे ती एकोणिसाव्या शतकापर्यंत टिकली. तिला चकमकीच्या गारा लागत नाहीत, नाजूक स्प्रिंग लागत नाही, आणि गावचा लोहार ती दुरुस्त करू शकतो. मग कुणीतरी तिला चकमकीची कळ बसवली. पुढे अलेक्झांडर फॉर्सिथ ह्या स्कॉटिश धर्मोपदेशकाने १८०७ मध्ये स्फोटक चूर्णाच्या कळीचे पेटंट घेतले. पाणकोंबड्या आणि बदकांच्या शिकारीला जाणारा हा माणूस चकमकीच्या ठिणगीने पाखरे आधीच उडतात म्हणून वैतागला होता. त्यातून पुढे टोपीची बंदूक आली आणि १८४० च्या सुमारास ब्रिटिश लष्कराने ती स्वीकारली. मग हजारो चकमकीच्या बंदुकांना टोपीच्या कळी बसवल्या गेल्या.

आता अशी बंदूक हाती आली, नळी १७८० ची, दस्ता १८२० चा, कळ १८५० ची, तर तिचे मूळ रूप कोणते? गेल्या शतकात युरोप-अमेरिकेतल्या संग्राहकांच्या बाजारात ह्याचे एक उत्तर प्रचलित झाले: टोपीची कळ काढा, चकमकीची नवी बसवा, बंदूक परत ‘मूळ’ होते, किंमत वाढते. अशा उलट फिरवलेल्या बंदुका अजून लिलावांत येतात आणि जाणकार त्या टाळतात. माझ्या मते त्यांचे टाळणे योग्य आहे. टोपीची कळ हा त्या बंदुकीच्या आयुष्यातला खरा प्रसंग होता. कुणा शिपायाने, कुणा शिकाऱ्याने, कुणा शेतकऱ्याने पैसे मोजून तो बदल करून घेतला होता. नव्याने बसवलेली ‘जुनी’ कळ मात्र तिच्या आयुष्यात कधीच नव्हती.

२०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने लंडनच्या लिलावात सुमारे ४७ लाख रुपयांना नागपूरकर रघूजी भोसले ह्यांची तलवार विकत घेतली. ती आली तेव्हा आपण सगळे आनंदलो. ती फिरंग आहे: पाते युरोपीय, मूठ इथल्या मुल्हेरी घाटाची, आणि पात्यावर देवनागरीत रघूजींचा उल्लेख. उद्या कुणी ‘मूळ मराठा’ करायची म्हणून तिचे परदेशी पाते बदलू म्हणाले, तर आपण संतापू. मग बंदुकीच्या बाबतीत तेच का चालते?

मूळ असण्याबद्दलची आपली ओढ किती तीव्र आहे, ते २०२४ च्या जुलैमध्ये साताऱ्यात दिसले. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाकडून वाघनखे आली आणि तीच का ती, ह्यावर महाराष्ट्रभर चर्चा झाली. ती वस्तू कंपनीच्या ग्रँट डफ ह्या अधिकाऱ्याला मिळाल्याचा मजकूर तिच्या पेटीवर आहे. ती शिवाजी महाराजांनी वापरलीच असे सिद्ध करता येत नाही, असे संग्रहालय स्वतःच सांगते. एवढा काटेकोरपणा आपण परदेशातल्या वस्तूबाबत मागतो. तोच काटेकोरपणा आपल्या किल्ल्यावरच्या तोफेबाबत दाखवला तर?

अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर ओहोटीच्या वेळी चालत जाता येते. उत्तरेच्या तटाशी चाकांच्या गाड्यांवर दोन तोफा उभ्या आहेत. त्यांच्यासमोर फोटो काढणाऱ्यांची गर्दी कायम असते आणि कान्होजी आंग्र्यांच्या तोफा म्हणून त्या दाखवल्या जातात. कान्होजी १७२९ मध्ये वारले. आंग्र्यांचे संस्थान १८४० च्या सुमारास इंग्रजांनी खालसा केले. तोफांवर ओतीव अक्षरांत यॉर्कशायरमधल्या लो मूर ह्या लोखंडाच्या कारखान्याचे नाव आहे आणि साल आहे १८४९. म्हणजे आरमार बुडाल्यानंतर, किल्ला इंग्रजांच्या ताब्यात गेल्यानंतर इथे आणलेल्या ह्या तोफा. त्या कमी महत्त्वाच्या ठरत नाहीत. ज्यांच्या आरमाराचा धसका मुंबईकर इंग्रजांनी दशकानुदशके घेतला, त्याच आंग्र्यांच्या किल्ल्यावर इंग्रजांनी आपल्या तोफा चढवल्या, ही गोष्ट त्या चार शब्दांत आणि एका सालात लिहिली आहे. त्या अक्षरांवर डांबर किंवा जाड रंगाचे थर चढत गेले, तर एक दिवस ती वाचता येणार नाहीत, आणि मग आंग्र्यांच्या तोफांची कथा कायमची पक्की होईल.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत दुर्गप्रेमी तरुणांच्या संस्थांनी अनेक किल्ल्यांवर चिखलात, झुडपांत पडलेल्या तोफा वर काढून सागवानी गाड्यांवर बसवल्या आहेत. ह्या मुलांनी पदरमोड करून, लाकूड डोक्यावरून गडावर वाहून हे काम केले. त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. तोफ चिखलातून निघाली की तिचे आयुष्य वाढते, हेही खरे. तरी एक प्रश्न त्यांच्यापुढे ठेवतो. त्या विशिष्ट तोफेचा गाडा कसा होता, ह्याचा पुरावा बहुतेक वेळा नसतो. जहाजावरच्या तोफेचा गाडा वेगळा, तटावरच्या तोफेचा वेगळा, रानातल्या लढाईसाठीचा वेगळा. पुरावा नसताना गाडा बनवला तर तो आजच्या काळाचा गाडा आहे. असू दे. पण तसे तिथे पाटीवर लिहा: गाडा अमुक साली नव्याने बनवला. १९६४ च्या व्हेनिस सनदेने वास्तूंच्या जीर्णोद्धारासाठी नियम घालून दिले, त्यातला एक असा की पुरावा संपून अंदाज सुरू झाला की डागडुजीने तिथेच थांबावे. गाडा उद्या काढता येतो, म्हणून तो मला चालतो. वाळूचा मारा परत घेता येत नाही, म्हणून तो मला अजिबात चालत नाही.

तोफांची आणखी एक गोष्ट. पडत्या फौजा माघार घेताना तोफेच्या कानात खिळे ठोकत, म्हणजे ती शत्रूच्या कामाची राहू नये. जुन्या तोफेच्या कानात असा खिळा अडकलेला दिसला, तर तो काढून ‘साफ’ करण्याचा मोह होतो. तो खिळा म्हणजे त्या तोफेच्या शेवटच्या लढाईची साक्ष आहे. तो काढू नये.

आता दुसरी बाजू. ‘काहीच करू नका, जसे आहे तसे राहू द्या’ हे सांगणे राजस्थानात कदाचित चालेल. पनवेलमध्ये चालत नाही. इथे पावसाळ्यात तीन-चार महिने हवा ओली असते, खाडीचे वारे मीठ घेऊन येतात, आणि कोकणातले लोखंड कोरड्या मुलखातल्या लोखंडापेक्षा कितीतरी वेगाने गंजते. गंजही दोन प्रकारचा असतो. एक जुना, घट्ट, गडद तपकिरी, हाताला न लागणारा. तो थांबलेला गंज. त्याने खालच्या धातूला एक प्रकारे झाकून ठेवलेले असते. दुसरा केशरी, भुसभुशीत, बोटाला लागणारा; त्याच्याखाली पाण्याचे बारीक थेंब दिसतात. मीठ धातूच्या आत शिरलेले असते आणि तो वाढत राहतो. पहिल्याला हात लावायचा नाही आणि दुसऱ्याला थांबवायचे, एवढे जरी समजले तरी घरातल्या निम्म्या बंदुका वाचतील.

जतनतज्ज्ञ नेमके हेच करतात. आधी सर्व बाजूंनी फोटो, मापे, नोंदी. मग भिंगाखाली, हळूहळू, फक्त जिवंत गंज काढणे. गरज असेल तिथे टॅनिक ॲसिड, त्याने लोखंडावर काळसर स्थिर थर तयार होतो. समुद्रातून आलेली तोफ असेल तर ती कॉस्टिकच्या द्रावणात महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे ठेवतात, मीठ बाहेर येईपर्यंत. शेवटी बारीक मेणाचा पातळ लेप. तो ओलावा अडवतो आणि हवा तेव्हा काढताही येतो. ऑइलपेंट मात्र मीठ आत कोंडतो, आणि रंगाखाली गंज वाढत राहतो. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात असे जतनकेंद्र आहे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात तर एका माणसाने घरोघरी फिरून गोळा केलेल्या वस्तूंमध्ये शस्त्रेही आहेत. दिनकर केळकरांनी त्या विकत घेतल्या, मागून घेतल्या, अडगळीतून उचलल्या. त्या मूळ रूपात पोचल्या म्हणून आज आपण त्यांच्याकडे बघून शिकू शकतो.

आणि खंडेनवमी? त्या दिवशी घरातल्या शस्त्राला हळद-कुंकू, फूल, कुठे शेंदूर लागतो. पिढ्यान्‌पिढ्या लागलेला तो थर काही संग्राहक घाण म्हणून धुऊन काढतात. तो काढू नये, असे मी ठामपणे म्हणेन. ज्या बंदुकीला शंभर वर्षे कुणी पुजले, त्या बंदुकीचे ते आयुष्यही खरे आहे. यंदाची पूजा मात्र शस्त्राखाली पाट ठेवून, हळद-कुंकू पाटावर वाहून करता येईल. ओली हळद धातूवर दिवसभर राहिली तर पावसाळ्यानंतरच्या हवेत ती गंजाला वाट करून देते.

कायद्याबद्दल मात्र मला तक्रार आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यातल्या ४५ व्या कलमात एक सवलत आहे. जुन्या पद्धतीचे, पुरातन मोलाचे किंवा मोडकळीस आलेले हत्यार, जे दुरुस्त करून किंवा न करता बंदूक म्हणून वापरता येणार नाही, त्याला कायदा लागू होत नाही. वाक्य नीट वाचा. दुरुस्त करून जरी चालत असेल, तरी सवलत नाही. म्हणजे चांगल्या अवस्थेत टिकवलेल्या दोनशे वर्षांपूर्वीच्या बंदुकीला हे कलम सवलत देत नाही, आणि नळीला छिद्र पाडून, आत लोखंड ओतून तिला कायमचे निकामी केले की देते. २०१९ च्या दुरुस्तीने तर एका माणसाला जास्तीत जास्त दोनच अग्निशस्त्रे ठेवता येतील, वारसाने आलेलीही त्यातच धरली जातील, असे ठरवले. आजोबांच्या तीन बंदुका असतील, तर एक जमा करावी लागली. ती सरकारी कोठीत कशी राहिली, हा विचार कायद्यात कुठे दिसत नाही.

मी गावोगावी बंदुका वाटा म्हणत नाही. सुरक्षेचे कारण मला मान्य आहे. पण १९७२ चा पुरावस्तू कायदा शंभर वर्षांपूर्वीच्या वस्तूला जपायला सांगतो, तिच्या निर्यातीवर बंदी घालतो, आणि त्याच वस्तूबाबत शस्त्र कायद्यातले हे कलम मालकाला तिच्या नळीत भोक पाडायला प्रोत्साहन देतो. एकाच देशाचे दोन कायदे एकाच नळीकडे अशा उलट नजरेने बघतात. निकामी करण्याऐवजी पुराणवस्तू म्हणून नोंद, सीलबंद कळ, ठरावीक काळाने तपासणी अशी वाट काढता येणे अवघड नाही.

एक गोष्ट जीवाशी संबंधित आहे. ठासणीची बंदूक सापडली की ती भरलेली आहे असेच समजा. कित्येकदा शेवटचा बार उडवलाच गेलेला नसतो आणि दारू-गोळी नळीतच राहते. जुनी काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीही पेटते. २०१३ च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधली एक तोफ साफ करताना आत दारू आणि गोळा भरलेला सापडला. ती तोफ अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या काळातल्या एका ब्रिटिश जहाजावरची होती. मुले वर्षानुवर्षे तिच्याजवळ खेळली असतील. म्हणून नळीच्या तोंडासमोर उभे राहू नका, तिला आग किंवा वेल्डिंग लावू नका, गज घालून आत खुपसू नका. जवळच्या पोलीस ठाण्याला आणि जिल्ह्याच्या शस्त्र परवाना शाखेला कळवा. आधीच कळवणाऱ्याला त्रास कमी होतो.

आणि मग, घरातल्या जुन्या बंदुकीबद्दल मनापासून काही करायचे असेल, तर एवढे करा. ती भिंतीवरून काढा, बाहेरच्या ओल्या भिंतीपासून दूर आडवी ठेवा, चामडी पिशवीत ठेवू नका, प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका. खोबरेल, जवसाचे तेल लावू नका. ते घट्ट होऊन धूळ धरते. हातमोजे घालून सर्व बाजूंनी फोटो काढा, विशेषतः कळ, नळीचे मूळ आणि दस्त्याच्या तळाची पट्टी ह्यांचे. घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाला विचारून ती कुणाची, कुठून आली, कधी वापरली, ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्या. ते कागद बंदुकीबरोबर ठेवा. जिल्ह्यातल्या इतिहास अभ्यासकांना किंवा संग्रहालयाला दाखवा. पनवेल परिसरातले वाडे आज पडत आहेत, आणि हे काम पुढच्या पावसाळ्याआधी झाले पाहिजे. तोवर तिला सँडपेपर लावू नका.